लाल सुटेपर्यंत

"सायेब, चपला भाईर काढा," परांचीवरचा गडी मला म्हणाला. "भितीत देवी आलीय."

मी आणि माझी बायको विमल नुकतेच तीन जिने चढून वर आलो होतो. मला धाप लागली होती, त्यामुळे आधी काही कळलंच नाही. मग समोर पाहिलं. आमच्या होऊ घातलेल्या घराची सबंध भिंत लाल झाली होती. थोड्याच वेळापूर्वी तिच्यावर पांढऱ्याशुभ्र चुन्याचा पहिला हात फिरला होता, आणि आता ती कुंकवाच्या करंड्यात बुडवून काढल्यासारखी दिसत होती. तीन बायका घमेली खाली ठेवून हात जोडून उभ्या होत्या. विमलचेही हात निम्मे वर गेले होते.

"देवी न्हाई न् फिवी न्हाई," परांचीच्या दुसऱ्या टोकावरून आवाज आला. "हळद हाय ती. साठ वरसं हितं हळदीची पोती हुती. कुंकू कशाचं करत्यात गं रंजे? हळदीत चुना घालूनच न्हवं? मग? भितीनं कुंकू केलंय. उचल घमेलं."

ही मालनबाई. पन्नाशीची, काटकुळी, कासोटा घट्ट मारलेला, हात कोपरापर्यंत पांढरे. नवऱ्याच्या हाताखाली चुना मळता मळता गिलावा शिकली आणि तो गेल्यावर त्याचीच थापी तिनं हातात घेतली. जुन्या चुन्याचं काम येणारी माणसं आमच्या भागात तेव्हाच बोटांवर मोजण्याइतकी उरली होती, आणि त्यांत बाई ही एकटीच.

"मग आता काय करायचं?" मी विचारलं.

"थांबायचं."

"किती?"

"लाल सुटूस्तवर." ती खाली उतरली. "चुना कच्चा हाय तवर हळद लाल. चुना मुरला की हळद आपल्या रंगावर येती. भित पिवळी झाली की दुसरा हात मारायचा. त्याच्याआदी न्हाई."

"आणि पावसाळी हवेनं वेळ लागला तर?"

"तर उशिरा सुटंल."

"म्हणजे तारीख अशी नाहीच?"

"तारीक भितीला इचारा, सायेब," ती म्हणाली आणि हात धुवायला गेली.

तारखेबद्दल मला असं कुणी सांगावं! छत्तीस वर्षं मी रेल्वेत काढली होती, त्यांतली शेवटची दोन मिरज जंक्शनला स्टेशनमास्तर म्हणून. गाडी चार मिनिटं लेट झाली तर मी चारच लिहायचो, पाच नाही. अशा माणसानं सांगलीच्या वखारभागात हुक्केरींची जुनी हळदीची वखार बघितली, तिची घरं होणार म्हणून वरच्या मजल्यावरचं एक नोंदवलं, आणि गुढीपाडव्याचा वायदा अक्षय तृतीयेवर, तिथून वटपौर्णिमेवर ढकललेला मुकाट्यानं पाहिला. मुकाट्यानं म्हणजे माझ्या मानानं. मगदूम नावाचा एक तरुण इंजिनियर हे काम करत होता. त्याचं हे पहिलंच. त्याच्या छापील पत्रकात घरातल्या वरच्या लाकडी मजल्याला लॉफ्ट म्हटलं होतं. विमल म्हणाली, "माळा म्हणा की सरळ." पण जागा बघितल्यावर तीच पाघळली. सागवानाच्या हातभर जाडीच्या तुळया, अठरा फूट उंच छप्पर, अर्ध्या उंचीवर तो ऐसपैस माळा, आणि त्याच्या खिडकीतून दिसणारा गणपतीच्या देवळाचा कळस.

"चेतना इथं निजेल," ती तेव्हाच म्हणाली होती. "बाळाला घेऊन."

आमची चेतना बेळगावला दिलेली. तिचं पहिलंच बाळंतपण, आणि पहिलं बाळंतपण माहेरी. पण माहेर म्हणायला आमच्याकडे होतं काय? दहा गावं, दहा क्वार्टर्स, सगळ्यांना तोच सरकारी पिवळा रंग. लग्नातही चेतना ज्या दारातून सासरी गेली, त्या दारावर आता दुसऱ्याच मास्तराची पाटी होती. विमलनं आयुष्यात एकच गोष्ट माझ्याकडे मागितली होती, की पोरीचं बाळंतपण स्वतःच्या घरात व्हावं, जिथून पुन्हा उठा म्हणून कुणी सांगणार नाही. मे महिनाअखेर मी निवृत्त झालो. क्वार्टर सोडायला चार महिन्यांची मुदत, म्हणजे तीस सप्टेंबर. चेतना सप्टेंबरअखेर येणार, नोव्हेंबरच्या सुरुवातीला बाळंत होणार. वेळापत्रक इतकं सरळ होतं. आडवी आली ती फक्त भिंत.

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात, तसा मी निवृत्त झाल्यावर रोज मिरजेहून सांगलीला जाऊन त्या भिंतीसमोर स्टूल टाकून बसू लागलो. विमल म्हणायची, "तुमच्या गाड्या तीन-तीन तास उशिरा यायच्या तेव्हा तुम्ही लोकांना तांत्रिक कारण सांगायचात ना? आता दुसऱ्याचं तांत्रिक कारण ऐका."

ऐकत नव्हतो, पण बघत होतो. आणि बघता बघता, खोटं कशाला बोलू, मला त्या बाईचं काम आवडायला लागलं. ती भिंतीकडे कधी समोरून बघायची नाही. कडेला जाऊन, गाल भिंतीला टेकून तिरपं बघायची. मग बोटाच्या पेरानं टकटक करत जायची आणि मध्येच थांबून म्हणायची, "हितं पोकळ हाय." गडी तिथं थापी लावायचा आणि ताटाएवढा पोपडा खाली यायचा. चुना तिनं तीन महिने आधी खड्ड्यात भिजत घातला होता. त्याला ती कुणाला हात लावू द्यायची नाही. एकदा मगदूमनं घाईघाईनं तयार चुन्याच्या पिशव्या आणल्या. तिनं एक पिशवी फोडली, चिमूट नखावर घेतली, आणि म्हणाली, "रांगोळीला बरा हाय." पिशव्या परत गेल्या आणि माझे आणखी आठ दिवसही त्यांच्याबरोबर गेले.

मी चिडायचो. मगदूमला फोन करायचो, तिच्या देखत करायचो. ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची. एकदा मात्र म्हणाली, "सायेब, तुमी हिरवं निशाण कवा दावायचा?"

"लाइन क्लिअर मिळाल्यावर."

"आणि लोकं वरडाय लागली तर?"

मी स्टूल जरा मागं सरकवलं. विमल त्या दिवशी माझ्याबरोबर होती. ती परतीच्या बसमध्ये मिरजेपर्यंत हसत होती.

जुलैअखेर पहिला हात पिवळा पडला. रंग उतरताना बघण्यासारखा होता. कडेकडेनं लाल विरत जायचं आणि आतून जुनी हळद पुन्हा वर यायची. मग दुसरा हात. तो मात्र लवकर मुरला, कारण ऑगस्टमध्ये पावसानं चांगली उघडीप दिली. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सगळ्या भिंती फिक्या पिवळ्या झाल्या. मी मनातल्या मनात सामानाची बांधाबांध केली.

सगळ्या म्हणजे एक जागा सोडून. माळ्याची मुख्य तुळई उत्तरेच्या भिंतीत जिथं शिरते, त्याच्या जरा खाली, जेवणाच्या ताटाएवढा एक गोल लालच राहिला.

मालनबाई तीन दिवस त्याच्याकडे बघत होती. चौथ्या दिवशी मगदूम आला तेव्हा म्हणाली, "हितं पाणी हाय. आतनं कुठनं तरी येतंय. चुना मुरंना झालाय. भित फोडून तुळईचं टोक बगाया पायजे."

मगदूमनं कपाळाला हात लावला. "मावशी, टोक बघायचं म्हणजे माळ्याला खालून टेकू द्यायचे, फळ्या उतरवायच्या. टोक खराब निघालं तर कापून नवा जोड. तीन-चार महिन्यांची निश्चिंती."

"व्हय. तेवढं लागतंय."

"आणि खराब नसलंच तर?"

"तर माजी चूक. पर बगाया पायजे."

मगदूम माझ्याकडे वळला. तो लबाड नव्हता, थकला होता. म्हणाला, "काका, एवढासा डाग आहे. मी तेवढ्यावर सिमेंटचा गिलावा देतो, वरून डिस्टेंपर. पंचवीस तारखेला किल्ली तुमच्या हातात. पण तुम्ही म्हणाल तसं."

म्हणजे निर्णय माझ्यावर आला. क्वार्टर सोडायला अठरा दिवस उरले होते. चेतनाला आठवा महिना लागला होता. मी त्या लाल ताटाकडे बघितलं आणि माझं डोकं फिरलं. माझ्या जिभेला मुळातच हाड कमी.

"मालनबाई," मी म्हणालो, "मला कळतंय हे काय चाललंय. काम संपलं की रोजाचे पैसे बंद. तेव्हा संपूच द्यायचं नाही. अजून चार महिने रोज वाढवायचेत तुम्हाला, दुसरं काय?"

परांचीवरची माणसं हात थांबवून बघायला लागली.  मालनबाईनं थापी पाण्यात बुडवली, पदरानं पुसली, पिशवीत घातली. हात धुतले. भिजवलेल्या चुन्याच्या खड्ड्यावर पोतं ओढून घेतलं, कडेनं विटा ठेवल्या, आणि जिना उतरून गेली.

मला वाटलं होतं ती भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुसरा गवंडी आला. त्यानं दीड तासात तो गोल झाकला. आठवड्याभरात रंग झाला आणि सगळी भिंत एकसारखी पांढरी दिसू लागली. चोवीस तारखेलाच मगदूमनं मला किल्ली दिली. वेळेच्या एक दिवस आधी! किती मिरवलं मी ते. विमल एवढंच म्हणाली, "मालनबाई कुठं दिसत नाहीत त्या?"

"त्यांचं काम संपलं," मी सांगितलं. एवढंच सांगितलं.

पंचवीसला वास्तूची पूजा झाली. जैन उपाध्ये आले, पूजेचं विधान झालं, शेजारच्या पाच-सात बायका आल्या. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली. विमलनं आमच्याकडच्या रीतीप्रमाणे नव्या घराला हळदीची बोटं लावली. ओल्या हळदीत उजव्या हाताची पाचही बोटं बुडवून दोन दाराच्या चौकटीवर, एक स्वयंपाकघरात, देव्हाऱ्याच्या जागी एक. शेवटचं लावायला ती माळ्याखाली गेली. "पोरीच्या जागेला एक," म्हणाली आणि तुळईखालच्या भिंतीवर पंजा उठवला. माझ्या लक्षातही आलं नाही की नेमका कुठं.

सव्वीसच्या सकाळी मी एकटाच पुढं आलो. संध्याकाळच्या गाडीनं चेतना येणार होती. तिच्यासाठी गादी वर टाकायची, खिडकीला पडदा लावायचा, असं ठरवून आलो होतो. दार उघडलं. चौकटीवरची बोटं पिवळी. स्वयंपाकघरातली पिवळी. देव्हाऱ्यापाशी पिवळी.

तुळईखालची पाचही बोटं लाल झाली होती.

माझी पाचावर धारण बसली. मी काय केलं ते सांगायला आजही लाज वाटते. त्या गोष्टीला सतरा वर्षं झाली, विमललाही हे मी कितीतरी उशिरा सांगितलं. मी खिशातून रुमाल काढला, नळाखाली भिजवला, आणि ती बोटं पुसायला लागलो. पाणी लागल्याबरोबर लाल पसरलं. बोटं जाऊन तिथं तळहाताएवढा डाग झाला, रुमालही लाल झाला. मग मी विचार केला की इथं कपाट सरकवलं तर दिसणार नाही. खरोखर उठून कपाट कुठं आहे ते बघितलं. कपाट अजून मिरजेलाच होतं.

मग मान वर करून मी माळ्याकडे पाहिलं. बरोबर डोक्यावर, जिथं मी गादी टाकायला आलो होतो.

मालनबाईचं घर शोधायला दोन तास लागले. कुपवाडच्या बाजूला एका वस्तीत होतं. ती अंगणात बसून मेथी निवडत होती. मला बघून उठली नाही, पण शेजारचा पाट पुढं सरकवला.

"या सायेब. किल्ली मिळाली न्हवं?"

"मिळाली." मी उभाच राहिलो. "मालनबाई, मी त्या दिवशी तुम्हाला रोजावरून बोललो, ते फार चुकलं माझं. चारचौघांत बोललो. मला—"

"ते ऱ्हाऊ द्या," तिनं मला तोडलं. "भित काय म्हणती?"

"लाल झाली."

"सिमिटावर?"

"हळदीची बोटं लावली होती बायकोनं. तेवढीच लाल झाली. बाकीची सगळी पिवळी आहेत."

तिनं मेथीची जुडी खाली ठेवली. पहिल्यांदा तिच्या तोंडावर हसू आलं. "वैनीसायबांनी लावली? अगदी तिथंच?" आणि आत बघून सुनेला हाक मारली, "अगं, भाजी तेवढी तू निवड. मी वखारीत जाऊन येती."

रिक्षात मी तिला विचारलं, "असं आधी कुठं झालं होतं का? कुणाचा माळा वगैरे पडला होता?" मला वाटत होतं, असं काहीतरी असणार. तिच्या नवऱ्याचं, नाहीतर आणखी कुणाचं. त्याशिवाय एवढा हट्ट कोण धरतं?

"न्हाई बा," ती म्हणाली. "आमच्या हातचं काय पडलं न्हाई अजून."

"मग एवढं अडून का बसलात?"

तिनं माझ्याकडे नवलानं पाहिलं. "लाल दिसत हुतं की, सायेब."



तिनं मगदूमला बोलावून घेतल्याशिवाय भिंतीला हात लावला नाही. कुणाच्या मागं काम करायचं नाही म्हणाली. तो आल्यावर तिनं छन्नीनं सिमेंट काढलं, मग चुना, मग एकेक करून नऊ विटा. आत हात घातला आणि ओला बाहेर काढला. छपरावरच्या पन्हळीचा जुना नळ भिंतीतून खाली नेला होता. वखारवाल्यांनी केव्हातरी तो वरून बुजवला आणि विसरून गेले. त्याला तडा गेला होता. तिनं मगदूमच्या हातात एक सळई दिली आणि तुळईचं टोक दाखवलं. "टोचून बगा."

सळई वीतभर आत गेली. जोर लावावाच लागला नाही. शिरा परतताना उलथनं जावं तशी गेली.

मगदूम पांढराफटक पडला. त्याला वाटलं मी आता ओरडणार. मी म्हणालो, "चूक माझी आहे. तुम्ही मला विचारलं होतंत."

संध्याकाळी स्टेशनवरच चेतनाला आणि विमलला सगळं सांगितलं. कपाटाचं सोडून. विमलनं हातातली पिशवी बाकावर ठेवली. मग म्हणाली, "उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. आयुष्यभर ऐकलं होतं, आज बघितला." आणि एवढं बोलून, भर फलाटावर, तिला रडू आलं. पस्तीस वर्षांच्या संसारात मी तिला एकदाच काही देणार होतो.

क्वार्टर तीस तारखेला सोडलं. वखारीच्या मागच्या गल्लीत पत्र्याच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. निम्मं सामान खोक्यातच राहिलं. सात नोव्हेंबरला चेतनाला मुलगी झाली. दवाखान्यातून बाळ त्या पत्र्याखालीच आलं. बेळगावहून विहीणबाई बघायला आल्या, इकडंतिकडं बघून म्हणाल्या, "हेच का ते नवीन घर?" मी मान खाली घातली. विमल म्हणाली, "नव्हे. ते मुरतंय अजून." मला त्या घटकेला बायकोचे पाय धरावेसे वाटले.

सासरची माणसं सत्तावीस जानेवारीला चेतनाला न्यायला येणार होती. तारीख त्यांनीच कळवली. तोवर माळा उभा राहिला तर ती निदान चार दिवस माहेरी राहून जाणार होती. नाही तर तिचं पहिलं माहेरपण पत्र्याच्या भाड्याच्या खोलीतच संपणार होतं. हे मला ठाऊक होतं, विमलला ठाऊक होतं. मालनबाईला मी सांगितलं नाही. रोज जात होतो, स्टूल टाकून बसत होतो, पण जीभ आवरून. सुतारानं तुळईचं कुजकं टोक कापलं, जुन्याच सागवानाचा तुकडा बसवून जोड केला. खालून तीन टेकू ठोकले होते. मालनबाईनं भोवतीनं विटा रचल्या, चुना भरला. तो लाल झाला. आम्ही वाट बघू लागलो.

"सायेब," एक दिवस ती म्हणाली, "आता तारीक इचारत न्हाई तुमी?"

"भिंतीला विचारतो," मी म्हणालो.

ती हसली नाही. माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "वैनी बोलल्यात मला. सत्तावीसचं. म्या रोज बगती. पर लाल हाय तवर टेकू न्हाई काढणार."

"काढू नका."

हे मी म्हणालो! आतून काळीज तुटत होतं, पण म्हणालो, आणि मनापासून म्हणालो.

थंडी कोरडी होती. संक्रांतीच्या दिवशी डाग तिळाच्या वडीएवढा उरला. अठरा जानेवारीला सकाळी मालनबाईनं भिंतीला गाल लावला, तिरपं पाहिलं, मग खिडकी उघडून उजेडात पुन्हा पाहिलं. सगळं पिवळं होतं.

एकोणीसला टेकू काढायचे ठरले. मगदूमनं सगळ्यांना दाराबाहेर उभं केलं. विमल, चेतना, तिच्या हातांत सव्वादोन महिन्यांचं बाळ, शेजारच्या दोन बायका. आत फक्त घण घेतलेला सुतार. आणि मालनबाई. ती जोडाच्या बरोबर खाली जाऊन उभी राहिली होती.

"मावशी, तुम्ही पण बाहेर," मगदूम म्हणाला.

"म्या हितंच. टेकू निघतानी मी भाईर नसती."

"अहो, उगाच कशाला?"

"उगाच न्हाई. आमच्या मालकांची रीत हुती. ज्यानं जोड भरला त्यानं खाली ऱ्हायाचं. म्हंजे भरतानाच नीट भरला जातो." तिनं सुताराला मान हलवली. "काढ रं."

तिचे ते चुन्यानं उलून गेलेले हात तिनं पाठीमागं बांधले होते. मी दाराच्या चौकटीत उभा होतो. ह्याच बाईला मी रोजासाठी काम लांबवतेस म्हणालो होतो. मी आत गेलो आणि तिच्या शेजारी उभा राहिलो.

"अहो!" विमल मागून ओरडली.

"सायेब, तुमी कशाला?" मालनबाई म्हणाली.

"जोड भरणारानं उभं राहायचं, तसं बोल लावणारानंही राहावं."

तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग जरा सरकून तिनं मला जागा दिली. "वर बगू नगा मग. माती पडंल डोळ्यात."

पहिला टेकू निघाला. काही झालं नाही. दुसरा निघाला.  तिसऱ्याला सुतारानं तीन घाव घातले आणि तो आडवा पडला. वरून एकदाच करकर आवाज आला, थोडी माती आमच्या खांद्यांवर सांडली, आणि मग काहीच नाही. मालनबाईनं हात सोडवून तळवा भिंतीला लावला. तसाच ठेवला. 

"बसली," ती म्हणाली.

बाहेर कुणी टाळ्या वाजवल्या. मगदूम रुमालानं तोंड पुसत होता. चेतना उंबऱ्यापर्यंत आली, बाळाच्या डोक्यावर पदर धरून. चार महिने ती ह्या घराच्या मागच्या गल्लीत राहिली होती आणि तिनं एकदाही कधी म्हणून विचारलं नव्हतं.

"बाबा, येऊ का आत?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"मालनबाईंना विचार," मी म्हणालो.

मालनबाईनं केसांतली माती झटकली, लुगड्याला हात पुसले, आणि बाळाला घेण्यासाठी दोन्ही हात पुढं केले.

"अगं, ये की. म्हायराला यायाला कुणाला इचारतीस?"